साठ मॅचेस जिंकल्या म्हणून पेढे वाटायचे का? (शिकागो व्हाईट सॉक्स, रिबिल्ड क्र. २)

पस्तिसावा_रस्ता (१२ ऑक्टोबर २०२५)

शनिवारी रात्री कब्ज हरले. (म्हणजे कब्स, शिकागोतली दुसरी टीम. टायपो आहे, पण दुरुस्त करणार नाही.)

मिलवॉकीतली पाचवी मॅच, जिंकेल तो पुढे. १-१ बरोबरी. चौथ्या इनिंगमध्ये होम रन मारून मिलवॉकीला पुढे कोणी काढलं? अँड्र्यू वॉनने. आपल्या वॉनने! मे महिन्यापर्यंत आपल्याकडे .१८९ ने (म्हणजे दहातल्या दोन वेळाही धड हिट नाही) रखडत होता. आपण त्याला मायनर्सला, म्हणजे खालच्या लीगमध्ये पाठवला आणि जूनमध्ये एरन सिव्हालीच्या बदल्यात देऊन टाकला. मिलवॉकीच्या मुख्य टीमसाठी पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा समोर डॉजर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) यामामोतो होता, आणि ह्याने थेट तीन रनांचा होम रन ठोकला. आपल्या घरात पांढऱ्या पायाचा, शेजारी गेला की लक्ष्मीची पावलं.

तर शनिवारी मी हॉलमध्ये एकटाच ओरडलो. बायको आतून म्हणाली, "तुमची टीम जिंकली का?" म्हटलं, आमची टीम सप्टेंबरातच घरी बसली. "मग ओरडताय कशाला?" ह्याचं उत्तर देता येईना म्हणून हा धागा.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. मार्चअखेर ते सप्टेंबर, जवळजवळ रोज एक, अशा १६२ मॅचेस असतात. एवढ्यात अगदी टुकार टीमही साठेक जिंकते आणि भारीतली भारी टीमही साठेक हरते. आपण २०२४ मध्ये ४१ जिंकलो, १२१ हरलो. १९०० नंतर एका हंगामात इतक्या मॅचेस कोणीही हरलेलं नाही. आधीचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२०. पण ती बिचारी टीम त्याच वर्षी जन्माला आली होती. आपण १९०१ पासून आहोत. यंदा ६० जिंकलो, १०२ हरलो. सलग तिसऱ्या वर्षी पराभवांची शंभरी. म्हणून दुसऱ्यांदा रिबिल्ड, म्हणजे तयार खेळाडू देऊन तरुण पोरं घ्यायची आणि टीम पायापासून पुन्हा बांधायची.

तरीही जुलैनंतर काहीतरी हललं. पोरं खेळायला लागली. मी ऑगस्टमध्ये ऑफिसातून येताना रेडिओ परत लावायला लागलो, ही माझ्यापुरती मोठी बातमी.

प्रश्न एवढाच. पहिल्या रिबिल्डच्या वेळी मी एलॉय हिमेनेझची जर्सी घेतली होती. ती सध्या गॅरेजमध्ये गाडी पुसायला आहे. आता कोल्सन माँटगोमेरीची घ्यावी का?

---

रोमातली_राणी

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

---

आकडेमोड

जर्सी घ्या. का ते सांगतो.

ऑलस्टार ब्रेकपर्यंत (जुलैत निवडक ताऱ्यांची मॅच असते, तेव्हाची सुट्टी) आपण ३२ जिंकून ६५ हरलो होतो. नंतर २८-३७. ह्या दुसऱ्या वेगाने पूर्ण हंगाम धरला तर सत्तरच्या आसपास विजय होतात. सत्तर म्हणजे काही पराक्रम नाही, पण ४१ वरून आलेल्या माणसाला सत्तर म्हणजे पुरणपोळी.

कोल्सनचं बघा. एप्रिलमध्ये शार्लटला, म्हणजे ट्रिपल-एला (मुख्य टीमच्या एक पायरी खाली), .१४९. ड्राफ्टच्या (नव्या पोरांच्या वाटपाच्या) पहिल्या फेरीत घेतलेला पोरगा आणि चेंडू बॅटला लागत नाही. मग त्याला मॅचेसमधून उचलून ॲरिझोनाच्या सरावकेंद्रात नेलं. बाल्टिमोरच्या ओरिओल्सकडून आणलेला बॅटिंगचा डायरेक्टर रायन फुलर त्याच्याबरोबर बसला, स्विंग सुटा करून पुन्हा बांधला. ४ जुलैला कोलोराडोत पहिली मॅच. तिथून ७१ मॅचेसमध्ये २१ होम रन. आणि हा शॉर्टस्टॉप आहे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या अवघड जागेवरचा फील्डर! 'ह्याला लवकरच तिसऱ्या बेसवर हलवावं लागणार' म्हणणारे सगळे गप्प आहेत.

मिगेल वर्गास: २०२४ मध्ये डॉजर्सकडून आला आणि ४२ मॅचेसमध्ये .१०४. मी स्वतः त्याला 'दहा टक्के' म्हणायचो. यंदा १६ होम रन.

शेन स्मिथ: ह्याला तर कॉलेजनंतर कोणी ड्राफ्टमध्येही घेतलं नव्हतं. मिलवॉकीच्या मायनर्समध्ये पडून होता. रूल फाईव्ह ड्राफ्टमध्ये आपण त्याला एक लाख डॉलरमध्ये उचलला. ह्यात अट अशी की वर्षभर मुख्य टीममध्ये ठेवा, नाहीतर मूळ मालकाला परत देऊ करा. तो पोरगा जुलैत ऑलस्टार झाला.

तिघांचे तीन रस्ते. एक आपला ड्राफ्टचा, एक ट्रेडमधला, एक भंगार बाजारातला. तिघेही आपल्याकडे आल्यावर सुधारले, हे महत्त्वाचं. वॉन दुसरीकडे जाऊन सुधारला म्हणून रडताना हेही मोजा.

---

खडूस_दादरकर

हे पाढे माझे म्हणून झालेत.

डिसेंबर २०१६. ख्रिस सेल बॉस्टनला, बदल्यात मोंकाडा आणि कोपेक. दुसऱ्याच दिवशी ईटन वॉशिंग्टनला, बदल्यात जिओलिटो आणि लोपेझ. पुढच्या जुलैत किंटाना थेट कब्सला, बदल्यात एलॉय आणि सीस. क्यूबाहून लुईस रॉबर्ट, २ कोटी ६० लाख डॉलर बोनस. तेव्हा ह्याच लोकांनी सांगितलं, 'पोरांची अशी फौज कोणाकडे नाही'. खरंच नव्हती. सगळी पोरं वर आली, खेळलीसुद्धा. २०२१ ला ९३ मॅचेस जिंकल्या.

आणि? प्लेऑफची (हंगामानंतरच्या बाद फेरीची) एक मालिका जिंकली नाही. २०२० ला ओकलंडने काढलं, २०२१ ला ह्यूस्टनने. २०२२ ला ८१-८१, म्हणजे धड ना हिंदू धड ना मुसलमान. २०२३ ला पुन्हा १०१ पराभव. सात वर्षं थांबून मिळालं काय, तर दोन ऑक्टोबरांतल्या मिळून सात मॅचेस. त्यातल्या दोन जिंकल्या.

आता हेच क्रिस गेट्झ जनरल मॅनेजर. पहिल्या रिबिल्डमध्ये पोरं घडवायचं खातं कोणाकडे होतं? ह्याच गेट्झकडे! ज्याच्या हातून वरण करपलं त्यालाच पंगतीचा आचारी केला, आणि आपण ताट घेऊन बसलोय.

जर्सी घेऊ नका. गाडी पुसायला आधीची आहे ना?

---

उत्तरबाजू

कब्स फॅन इकडे. सांत्वनाला आलो होतो, पण 'कब्ज' वाचून विचार बदलला.

एक आठवण करून देतो. वॉनच्या बदल्यात तुम्ही जो सिव्हाली घेतलात, तो ऑगस्टअखेर तुम्ही वेव्हरवर (म्हणजे 'हवा त्याने न्या' म्हणून) सोडलात आणि आम्ही फुकटात उचलला. म्हणजे परवाच्या मालिकेत एका डगआउटमध्ये तुमचा वॉन, दुसऱ्यात तुमचा सिव्हाली. लग्न दुसऱ्यांचं, आणि तुम्ही दोन्हीकडचे आहेर देऊन मोकळे.

---

पस्तिसावा_रस्ता

@उत्तरबाजू, हे वाचून दोन मिनिटं चहा हातात तसाच राहिला. मान्य.

---

नेपरविलची_मावशी

मी आकडेवाली नाही, पण एक सांगते.

गेल्या वर्षी २४ सप्टेंबरला आम्ही मैदानावर होतो. १२० पराभव झालेले, विक्रमाला एक कमी. लोक मुद्दाम आले होते, आपली टीम हरताना बघायला! माझ्या पुढच्या रांगेतल्या एका माणसाने किराणा दुकानाची खाकी पिशवी डोक्यावर घातली होती, डोळ्यांपाशी दोन भोकं, आणि बिअर पिताना दर वेळी ती नाकापर्यंत वर करायचा. सगळं स्टेडियम 'सेल द टीम, सेल द टीम' ओरडत होतं. आठव्या इनिंगपर्यंत एंजल्सकडे २-० आघाडी. आणि मग आमच्या ह्या दिवट्यांनी तीन रन काढले! शेवटचा फटका बेनिन्टेंडीचा. ३-२ ने जिंकले. लोकांना कळेना टाळ्या वाजवायच्या की शिव्या घालायच्या. पिशवीवाल्याने पिशवी काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली. नीट घडी, हं. उद्या लागेल म्हणून.

(त्या तिन्ही मॅचेस जिंकले, आणि मग डेट्रॉइटला जाऊन शुक्रवारी १२१ वी हरले. घरच्यांसमोर नाही हरले, एवढं मानते मी.)

माझा मुलगा २०१६ चा. ज्या वर्षी कब्स १०८ वर्षांनी जिंकले, ज्या वर्षी सॉक्सने रिबिल्ड काढला, त्या वर्षीचा. जन्मापासून रिबिल्डच बघतोय. वर्गात सगळी पोरं निळ्या टोपीची, हा एकटा काळ्या. यंदा पहिल्यांदाच तो घरी येऊन विचारतोय, "आई, टीलने मारला का? केरो होता का मागे?" आपल्याकडे एकदम दोन तरुण कॅचर आलेत हे मला त्याच्याकडून कळलं. त्याला रिबिल्डशी घेणंदेणं नाही, त्याला टील आवडतो.

आणि तिथला भुट्टा! दाणे समोर सुरीने कापून पेल्यात देतात, वर लोणी, मेयोनेज, चीज, तिखट, लिंबू. मी पर्समध्ये चाट मसाल्याची पुडी ठेवते. टीम हरली तरी तेवढ्यासाठी जावं.

---

भुईमूग

मावशी, चाट मसाल्याला +१. काळं मीठही न्या.

---

नागपुरी_तडका

बाप्पा, तुमच्या ह्या धाग्यात मी पाय ठेवतो. बेसबॉल मले पोरामुळं थोडंफार कळते, तो शिकागोत शिकते.

तुम्ही लोक रिबिल्ड रिबिल्ड करता, तो आम्ही घरी पाहिला न. विदर्भाच्या टीमले सारे लिंबूटिंबू समजत. रणजीत आपल्या गटात विदर्भ आला की दुसऱ्या टीमचे लोक गुण आधीच लिहून ठेवत. मग काय झालं? पोरांसाठी अकादमी काढली, तिथून पोरं वर येत राहिली. पण नुसत्या पोरांनी नाही जमलं हो. २०१७ मध्ये कोच म्हणून चंद्रकांत पंडित आले, बॅटिंगले वसीम जाफर होता, आणि आमचा फैज फझल कॅप्टन. त्याच हंगामात इंदूरले दिल्लीले हरवून पहिली रणजी. गुरबानीनं फायनलमध्ये हॅट्ट्रिक घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो. अन् यंदा, २०२४-२५ ले तिसरी, केरळविरुद्ध. हर्ष दुबेनं एका हंगामात ६९ विकेट काढल्या, रणजीत एवढ्या कोणी काढल्या नव्हत्या.

सांगायचं हे, की पोरं जमवणं निराळं अन् पोरांच्या शेजारी एक जाणता उभा करणं निराळं. तुमच्या सॉक्समध्ये जाफर कोण आहे?

---

खडूस_दादरकर

पंडित मुंबईचा, जाफर मुंबईचा. म्हणजे रिबिल्ड कोणी केला ते तुम्हीच सांगितलंत. आणि २०२३-२४ ची फायनल वानखेडेवर कोण हरलं? आमची ४२ वी होती ती.

बाकी प्रश्न मात्र लाखाचा विचारलात. सॉक्समध्ये जाफर नाही. असणारही नाही, कारण जाफरला पैसे लागतात.

---

नागपुरी_तडका

घ्या, ४२ निघाली बाहेर. मी वाटच पाहत होतो.

---

आकडेमोड

दादरकर काका, पैशावर आलात ते बरं झालं, कारण खरं दुखणं तिथेच आहे. गेट्झवर नाही.

नियम असा. पोरगा मुख्य टीममध्ये आला की साधारण सहा वर्षं तो क्लबच्या ताब्यात. पहिली तीनेक वर्षं किमान पगार, यंदा ७ लाख ६० हजार डॉलर. म्हणजे कोल्सन, टील, केरो, मायड्रॉथ, स्मिथ, सगळे मिळूनही बाजारभावाने एका मधल्या फळीतल्या पिचरएवढे होत नाहीत. रिबिल्डचं सगळं गणित ह्यावर आहे, की पोरं स्वस्तात खेळत असताना वाचलेल्या पैशातून दोनतीन तयार खेळाडू आणायचे. ह्यूस्टनने तसंच केलं. २०११ ते २०१३ ओळीने १०६, १०७, १११ पराभव, मग पोरं वर आली, मग व्हर्लँडर आणला आणि २०१७ ला अजिंक्यपद. (कचऱ्याचे डबे वाजवून समोरच्यांच्या चोरलेल्या खुणा बॅट्समनला कळवल्या, ते वेगळं.) कब्सनेही पोरांच्या जोडीला लेस्टर आणला, तेव्हा कुठे २०१६.

आपल्या क्लबच्या सव्वाशे वर्षांतला सगळ्यात मोठा करार कोणाचा? बेनिन्टेंडीचा, साडेसात कोटी डॉलर, पाच वर्षं. आपण आपला पिचर क्रोशे ज्या बॉस्टनला दिला, त्यांनी त्याच्याशी सहा वर्षांचा १७ कोटींचा करार केला. ह्यात सगळं आलं.

पहिला रिबिल्ड पोरांमुळे फसला नाही. पोरं तयार झाली तेव्हा घरातून पैसे आले नाहीत, आणि मॅनेजर म्हणून आणला तो ७६ वर्षांचा ला रुसा. का, तर मालकाला १९८६ मध्ये त्याला काढल्याची बोच होती. मालकाची बोच, फॅनची सात वर्षं.

---

दक्षिणबाजू

सहमत. पिट्सबर्ग बघा. पॉल स्कीन्ससारखा पिचर, यंदा इआरए १.९७ (नऊ इनिंगमागे दोन रनही नाहीत). टीम ७१-९१. हिरा आहे, कोंदण नाही.

---

कोथरूडचा_कट्टा

पिट्सबर्ग म्हणजे तेच ना, ज्यांनी २००८ मध्ये आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल घेतले होते? भालाफेक करणारी पोरं, टीव्हीवरच्या स्पर्धेतून पिचर झालेली. तेवढंच बेसबॉल मला माहीत. चालू द्या.

---

पस्तिसावा_रस्ता

सगळ्यांचे आभार. क्रोशेचा विषय निघालाच आहे तर माझं मन मोकळं करतो.

क्रोशे जाताना वाईट वाटलं होतं. यंदा बॉस्टनकडून १८-५, २५५ स्ट्राइकआउट्स (तीन स्ट्राइकवर बाद केलेले), दर पाच दिवसांनी जखमेवर मीठ. पण आपल्याकडे असता तर काय झालं असतं? ६० च्या ६५ झाल्या असत्या. बदल्यात चार आले. टील तर मावशींच्या घरातलाच झालाय. मायड्रॉथ: छोटा, ताकद नाही, पण पिचरला सात-आठ चेंडू टाकायला लावल्याशिवाय हलत नाही. आपल्या भाषेत खडूस. दादरकरांना आवडायला हवा. ब्रेडन माँटगोमेरी अजून खाली आहे, आउटफिल्डर. (कोल्सनचा भाऊ नाही, आडनाव फक्त सारखं. माझ्या मेव्हण्याला तीनदा सांगून झालं.) विकेलमन गोन्झालेस बुलपेनमध्ये, म्हणजे मॅचच्या मधून येणाऱ्या पिचरांत.

२०१६ ला सेल देऊन आपण तारे मागितले होते. ह्या वेळी चार कामाची माणसं मागितली. हा फरक मला खरा वाटतो. तेव्हाची टीम म्हणजे दर्शनी भाग संगमरवरी आणि मागे पत्रे. एक तारा जायबंदी झाला की त्याच्या जागी खेळायला कोणी नसायचं. २०२१ नंतर नेमकं तेच झालं.

---

खडूस_दादरकर

मायड्रॉथ आवडतो. मी नाही म्हटलंय का कुठे?

पण तुम्ही सगळे बॅटवाल्यांवर बोलताय. पिचिंगचं बघा. सीस सॅन डिएगोला दिला तेव्हा मुख्य माल म्हणून ड्रू थॉर्प आला, त्याचं कोपराचं ऑपरेशन झालं आणि पूर्ण वर्ष गेलं. नोआ शुल्ट्झ, साडेसहा फुटांच्या वरचा डावखुरा, सगळ्यांचा लाडका, त्याने जूनमध्ये शार्लटला बढती मिळाल्यावर गुडघा धरला. हेगन स्मिथला चेंडू प्लेटवर टाकताना अधूनमधून पत्ता सापडत नाही. तरुण पिचर म्हणजे हापूसची पेटी. वरचा थर बघून भाव द्यायचा नसतो, खालचे दोन थर उघडून बघायचे.

---

बाल्टिमोरची_सून

इकडून एक सावधगिरीची सूचना. आमचे ओरिओल्स २०२१ ला ११० हरले, २०२३ ला १०१ जिंकले. सगळे म्हणाले, रिबिल्ड असा करावा. शाळेत पोरांना नारिंगी टोप्या घालून पाठवलं. प्लेऑफमध्ये २०२३ ला टेक्साससमोर तीनपैकी तीन हरलो, २०२४ ला कॅन्सस सिटीसमोर दोनपैकी दोन. आणि यंदा ७५-८७, विभागात तळाला. तेवढ्यावर तुमचा तो फुलर आमच्याकडूनच आलाय.

पोरं पहिल्या वर्षी मारतात, मग पिचर त्यांचा अभ्यास करून येतात. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी. कोल्सन .२३९ ने खेळलाय, हेही लिहा की आकडेमोड.

---

आकडेमोड

लिहायचं राहिलं, मुद्दाम नाही. .२३९ आहे आणि स्ट्राइकआउट्स भरपूर. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला ऑफस्पीडचा (संथ, फसव्या चेंडूंचा) भडिमार होणार, ह्यात शंका नाही.

---

उत्तरबाजू

एक भाबडा प्रश्न. १२१ हरल्यावर ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळायला हवा होता ना? तुम्ही तर दहावे होतात.

---

दक्षिणबाजू

जखमेवर बोट!

टीम मुद्दाम हरू नये म्हणून आता लॉटरी असते. आणि त्यात पोटनियम: ज्या टीम मोठ्या शहरातल्या, म्हणजे कमाईतला वाटा इतरांना देणाऱ्या, त्यांना लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही. २०२४ ला आपल्याला पाचवा मिळाला होता, त्यात हेगन स्मिथ घेतला. म्हणून २०२५ ला इतिहासातली सगळ्यात वाईट टीम असूनही दहाव्याच्या वर जाता येईना. बिली कार्लसन घेतला, शाळकरी शॉर्टस्टॉप. म्हणजे आपण हरण्यातही कच्चे. विक्रम करायचा तर बक्षीस असेल त्या वर्षी करावा की नाही?

यंदा मात्र डिसेंबरच्या लॉटरीत सगळ्यात जास्त शक्यता आपली. कोलोराडो ११९ हरूनही नियमाने बाहेर. जय कोलोराडो.

---

रोमातली_राणी

थांबा. म्हणजे जास्त हरलं की बक्षीस, पण फार वेळा हरलं की बक्षीस बंद? आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडते हे.

---

नेपरविलची_मावशी

अवांतर: नवे पोप आपलेच आहेत हे कोणी लिहिलंच नाही! लिओ चौदावे. शिकागोच्या दक्षिणेकडचे, पक्के सॉक्सवाले. २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचला स्टेडियममध्ये बसलेले टीव्हीत दिसले होते. आता १४० सेक्शनला त्यांचं चित्र लावलंय, लोक फोटो काढायला रांग लावतात. मे महिन्यात त्यांची निवड झाली आणि जुलैत पोरं मारायला लागली. मी काही म्हणत नाही.

---

खडूस_दादरकर

मावशी, मालक त्यांच्याही हातात नाही.

राइन्सडॉर्फने १९८१ पासून टीम धरली आहे. २००५ चं श्रेय द्यायलाच हवं, १९१७ नंतर पहिलं अजिंक्यपद, ह्यूस्टनला ४-० झाडलं. मी तेव्हा नुकताच इथे आलो होतो, ब्युरलीने दुसऱ्या मॅचला सुरुवात केली आणि तिसऱ्यात चौदाव्या इनिंगला येऊन शेवटचा माणूस काढला, तेव्हा मला बेसबॉल आवडायला लागलं. पण त्यानंतर वीस वर्षांत काय? २०१६ ला १७ वर्षांचा तातीस ज्युनिअर, आपल्याकडून एक मॅचही न खेळलेला, जेम्स शील्ड्ससाठी देऊन टाकला. तो सॅन डिएगोत जाऊन काय झाला ते सगळ्या जगाला माहीत.

आता जूनमध्ये करार झालाय की जस्टिन इश्बियाला टीम हळूहळू मिळणार. कधी? २०२९ ते २०३३ दरम्यान राइन्सडॉर्फच्या मर्जीने, आणि २०३४ नंतर इश्बियाच्या मर्जीने. म्हणजे कोल्सनची सहा वर्षं संपत येतील तेव्हा पाकीट उघडणारा माणूस येणार. लग्नात वाढपी आला तेव्हा पंगत उठलेली.

---

आकडेमोड

ह्या एका मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. इश्बिया आत्ताच पैसे ओततोय म्हणतात, पण ते कर्ज फेडायला की खेळाडू घ्यायला, ते ह्या हिवाळ्यात दिसेल. मला एकच खूण पुरेशी आहे: एक तिशीतला, पगारदार, डावखुरा बॅट्समन आणला तर समजायचं की रिबिल्ड खरा आहे. नागपूरकरांचा जाफर.

---

दक्षिणबाजू

मग रॉबर्टचं काय करायचं? त्याच्यावर कोणीच बोलत नाही. पहिल्या रिबिल्डमधला शेवटचा शिलेदार. २०२३ ला ३८ होम रन. यंदा .२२३, १४ होम रन, ३३ बेस चोरले, आणि ऑगस्टअखेर मांडी धरून घरी. पुढच्या वर्षासाठी दोन कोटी डॉलरचा ऑप्शन आहे, म्हणजे एवढा पगार देऊन ठेवायचं की नाही ते क्लबच्या हातात. ठेवायचा की सोडायचा?

---

पस्तिसावा_रस्ता

ठेवायचा आणि जुलैत विकायचा. फुकट सोडला तर कब्स उचलतील, एवढं आता शिकलो.

---

भुईमूग

जुलैत विकायचा हे २०२४ लाही म्हणत होतो, २०२५ लाही. घरातला जुना फ्रीज आहे तो. दर दिवाळीला काढायचा ठरतो आणि दर उन्हाळ्यात वाटतं, असू दे.

---

नेपरविलची_मावशी

दिवाळी म्हटल्यावर आठवलं, फराळ व्हायचाय अजून. जाण्याआधी: एप्रिलमध्ये शनिवारची दुपारची मॅच बघून आपण सगळे जाऊ या का? थंडी असते, पण तिकिटं स्वस्त असतात. रेड लाईनने पस्तिसाव्या रस्त्याला उतरलं की समोरच. मुलगा येईलच. चाट मसाला माझ्याकडे.

---

दक्षिणबाजू

मी आहे.

---

उत्तरबाजू

शत्रुपक्ष चालत असेल तर मीही. टोपी बदलणार नाही.

---

आकडेमोड

मी आहे. एक विचारायचं होतं, दादरकर काका. शुल्ट्झने जूनमध्ये बढतीनंतर गुडघा धरला, हेगन स्मिथचा चेंडू प्लेट चुकतो, थॉर्पचं कोपर. हेगन तर अजून डबल-एला आहे, बर्मिंगहॅमला. ती मॅच टीव्हीवरही लागत नाही, पैसे भरून ऑनलाईन बघावी लागते. ज्याला ह्या टीमकडून काही अपेक्षा नाही तो माणूस बर्मिंगहॅमची मॅच का बघतोय?

---

खडूस_दादरकर

निवृत्त माणसाला रात्री झोप लागत नाही, काहीतरी लावून बसावं लागतं. विषय बदलू नका. रॉबर्टचं काय ते ठरवा.

आणि मावशी, माझं एक तिकीट धरा. पिचरच्या बाजूचं, उन्हातलं.